कोथरूडचा पिलाटेस-मेडिटेशन क्लास: मॅट बॅच डोळे झाकून घ्या, पॅकेज मात्र विचार करून

डहाणूकर कॉलनीच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक छोटासा स्टुडिओ आहे, तिथे सकाळी साडेसहाला पिलाटेसची (पोट-पाठीची ताकद वाढवणारे, श्वासाशी जोडलेले व्यायाम) मॅट बॅच, म्हणजे मशीनशिवाय जमिनीवर चटईवरची, असते आणि शेवटची पंधरा मिनिटं मेडिटेशन. दिवाळीपासून जातेय, बऱ्याच मैत्रिणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

शिकवणं एक नंबर. मॅडम स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत आणि बॅचला आठच जण घेतात, त्यामुळे कोणाची कंबर उचलली जातेय कोणाचे खांदे कानाला चिकटलेत सगळं त्यांना दिसतं. सुरुवातीला व्यायाम जवळजवळ नाहीच, फक्त श्वास. ओढणी बरगड्यांभोवती गुंडाळायची, टोकं पुढे क्रॉस करून हातात धरायची आणि श्वास घेताना ती दोन्ही बाजूंना आणि पाठीकडून ताणली गेली पाहिजे, पोट मात्र फुगू द्यायचं नाही. योगा क्लासला पोटाने श्वास घ्यायची सवय असेल तर पहिल्यांदा जाम गोंधळ होतो, पण इथे पोटाचे आतले स्नायू धरून ठेवायचे असतात, मग श्वासाला जागा बरगड्यांतच करावी लागते ना. हे जमलं की पुढचे प्रकार आपोआप सुधारतात.

मग हंड्रेड. पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे, पाय वर, हात सरळ ठेवून छोटे छोटे झटके, पाच झटक्यांत श्वास आत पाच झटक्यांत बाहेर, असं दहा वेळा म्हणजे झाले शंभर. यूट्यूबवर बघून करणाऱ्यांची यात हमखास मान धरते. मॅडम नवीन लोकांना गुडघे वाकवूनच देतात, मान दुखत असेल तर डोकं खालीच. बॅचमधल्या एका काकूंची हाडं ठिसूळ झालीयेत, त्यांना पाठ पुढे गोल करायचा एकही प्रकार देत नाहीत, त्याऐवजी पालथं झोपून पाठीच्या ताकदीचे. अशी काळजी घेणारा माणूस मिळणं किती अवघड आहे हे ज्यांची कंबर एकदा गेलीय त्यांना विचारा.

आतल्या खोलीत दोन रिफॉर्मर आहेत, रुळांवर सरकणारी गादी आणि तिला स्प्रिंगा. रील्समुळे सगळ्यांना तेच हवं असतं. मशीन छानच आहे, पण स्प्रिंगा कमी केल्या की सोपं जातं असं नाही हं, बऱ्याच प्रकारांत गादी डगमगू नये म्हणून उलट जास्त ताकद लागते, आणि ती ताकद मॅटवरच कमवावी लागते. जोसेफ पिलाटेस हा जर्मन माणूस पहिल्या महायुद्धात आयल ऑफ मॅनवर इंग्रजांच्या कैदेत होता, तिथल्या कैद्यांना तो हेच जमिनीवरचे व्यायाम करायला लावायचा, १९२६ साली न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्याचा स्टुडिओ नावारूपाला आला. म्हणून माझं स्पष्ट मत, आधी तीन-चार महिने मॅट, मग रिफॉर्मरला पैसे घाला.

आता मेडिटेशन, आणि माझ्यासाठी खरी किंमत याचीच. म्युझिक नाही, समुद्रकिनारा डोळ्यासमोर आणा वगैरे काही नाही. ताठ बसायचं आणि नाकपुड्यांपाशी श्वास येतोय जातोय तेवढं बघायचं, मन पळालं की परत आणायचं. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले साधारण साडेतीन दिवस जे आनापान करून घेतात तेच थोडक्यात. पण इथे आधी पाऊण तास शरीर हललेलं असतं, पाठ जागी झालेली असते, त्यामुळे भिंतीला न टेकता बसता येतं आणि सारखी चुळबूळ होत नाही. आईच्या आजारपणात माझी झोप पार उडाली होती, रात्री तीनला जाग आली की छातीत धडधड. आता जाग आली तरी तसंच पडल्या पडल्या श्वास बघते आणि बहुतेक वेळा डोळा लागतो. आईचं दुखणं तेच आहे, पण तिच्याशी बोलताना माझा आवाज चढत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

खटकलेली गोष्ट म्हणजे बाहेरचं काउंटर. तिथली मुलगी प्रत्येकीला सहा महिन्यांचं वेलनेस पॅकेज गळ्यात मारायला बघते, त्यात ज्यूस आणि ‘टॉक्सिन्स बाहेर काढणारं’ डिटॉक्स. अहो ते काम लिव्हर आणि किडनी रोज फुकट करतात! वजन झपाट्याने उतरेल असंही सांगतात, ते तर अजिबात मनावर घेऊ नका, पिलाटेसने ताकद येते, बसणं-उठणं सुधारतं, दमसासासाठी चालायला वेगळं जावंच लागतं. मॅडम स्वतः असलं काही बोलत नाहीत, उलट कोणाला खूप उदास वाटत असेल तर आधी डॉक्टरकडे जा, गोळ्या चालू असतील तर बंद करू नका, हे दर बॅचला सांगतात.

फी महिन्याची घ्या, पॅकेज नको. पार्किंगची बोंब आहे, टू-व्हीलर बरी. ट्रायल क्लास फ्री असतो, कंबरेचे मणक्याचे जुने रिपोर्ट असतील तर सोबत न्या, मॅडम नीट वाचून मगच बॅच सांगतात.