जुन्या रेडिऑन एचडी ५४५० वर एक्सऑर्ग की वेलँड? दोन्ही वापरून बघितलं

घरी कोअर टू ड्युओवाला जुना पीसी आहे, ४ जीबी रॅम आणि त्यात रेडिऑन एचडी ५४५०, तेच ते २०१० सालचं पंखा नसलेलं छोटं कार्ड, फुल लोडलाही २० वॉटच्या आत चालणारं. भंगारात द्यायला जीव होईना म्हणून डेबियन १३ (लिनक्स) टाकलं आणि काही आठवडे वेलँड, मग एक्सऑर्ग असं आलटून पालटून वापरलं. लिनक्समध्ये खिडक्या स्क्रीनवर दाखवायच्या या दोन पद्धती, म्हणजे डिस्प्ले सर्व्हर, एक्सऑर्ग जुनी आणि वेलँड नवी. आई त्यावर यूट्यूबला अभंग लावते, मी मराठी टायपिंग करतो, एवढंच काम.

पहिली गोष्ट, डिस्प्ले सर्व्हरवरून डोकं खायच्या आधी फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवायला लागणाऱ्या फाइली, आहे का बघा. टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो चालवायचं, रेंडररपुढे सीडार (या कार्डाच्या चिपचं नाव) दिसलं म्हणजे कार्ड कामाला लागलंय, एलएलव्हीएमपाइप दिसलं तर सगळं चित्र सीपीयू काढतोय आणि मग काहीही निवडा, पीसी रडणारच. एएमडीचं फर्मवेअर पॅकेज टाकून रीस्टार्ट केलं की झालं.

वेलँडसाठी लॅबडब्ल्यूसी हा खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम घेतला, कारण ते हलकं आहे. चित्र खरंच सुंदर दिसतं, स्क्रीन कुठेच फाटत नाही. पण वेलँडमध्ये कंपोझिटिंग बंद करायची सोयच नाही, सगळ्या खिडक्या एकत्र जोडून मगच स्क्रीनवर येतात आणि या कार्डाची मेमरी बस फक्त ६४ बिटची, त्यामुळे ब्राउझर आणि दोन-तीन खिडक्या उघड्या असल्या की खिडकी ओढताना माउसच्या मागे राहते हे मला रोज जाणवायचं. शिवाय कीबोर्डची भाषा बदलायची सेटएक्सकेबीमॅप ही कमांड तिथे चालत नाही, मराठी कीबोर्डसाठी एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये लेआउट लिहावा लागतो. जमतं, पण नवख्याला सुचणार नाही.

एक्सऑर्गवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप लावला आणि त्याचा कंपोझिटर, म्हणजे खिडक्या जोडणारा भाग, सरळ बंद केला. पीसी एकदम मोकळा झाला! फक्त व्हिडिओत कॅमेरा बाजूला फिरला की विजेचा खांब कंबरेत मोडल्यासारखा दिसायचा, वरचा अर्धा पुढे आणि खालचा मागे. त्याला उपाय आहे, एक्सऑर्गच्या कॉन्फ फोल्डरमध्ये छोटी फाइल करून त्यात ड्रायव्हर रेडिऑन आणि टिअरफ्री ऑन एवढं लिहायचं, लॉगआउट, लॉगिन, खांब सरळ. माझ्यासाठी निकाल इथेच लागला, ५ पैकी साडेचार. यूट्यूब अडखळत असेल तर तो दोष दोघांचाही नाही, हे कार्ड यूट्यूबचा व्हीपी९ हा व्हिडिओ प्रकार डीकोड करत नाही, त्याऐवजी जुना एच२६४ प्रकार मागणारं एच२६४ फाय नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन टाका, फार फरक पडतो.

एनव्हिडियाच्या जुन्या जीफोर्स २१० कार्डवाल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचा एनव्हिडियाचा ३४० नंबरचा ड्रायव्हर २०१९ अखेर बंद झाला आणि त्यावर वेलँड चालतच नाही, म्हणून नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर आणि एक्सऑर्ग हीच जोडी धरा.

गनोम या मोठ्या डेस्कटॉपने ४९ व्या आवृत्तीपासून एक्स११ (म्हणजे एक्सऑर्गचं) सेशन बाय डिफॉल्ट बंद केलंय, पुढे बाकीचेही त्याच वाटेने जातील, म्हणून जुन्या कार्डवर मी एक्सएफसीईच सुचवेन. डेबियन १३ ला एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) धरून २०३० पर्यंत अपडेट मिळतील, तोवर आईचे अभंग याच पीसीवर.