दारूसाठी मदत: आरोग्य केंद्रातला समुपदेशक की मानसोपचार तज्ज्ञ?

कुठं जायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट बघा. सकाळी हात थरथरतात का, आणि दोन घोट पोटात गेल्यावरच थांबतात का? थोडक्यात, उतारा लागतो का? लागत असेल तर आधी डॉक्टर. लागत नसेल, पण पिणं घराला, कामाला, तब्येतीला भोवू लागलं असेल, तर सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षित समुपदेशकापासून करावी. हा स्वस्तातला पर्याय म्हणून नव्हे, योग्य पर्याय म्हणून सुचवलाय.

हा समुपदेशक मानसशास्त्राचा पदवीधर नसतो. किमान दहावी-बारावी शिकलेला, त्याच भागातला, तीच बोली बोलणारा, पण ठरावीक पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस असतो. ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेनं गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही पद्धत तपासली; निष्कर्ष 2017 साली छापून आले. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक भेट साधारण अर्धा-पाऊण तास, केंद्रात किंवा घरी. उपदेश नाही. पिण्यानं काय बिघडतंय हे त्या माणसाच्याच तोंडून येऊ द्यायचं, मग मित्रांना नाही कसं म्हणायचं, तलफ आली की काय करायचं, पुन्हा घसरलो तर काय, याची आखणी करायची.

पिणं किती घातक झालंय हे मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची 10 प्रश्नांची, 40 गुणांची प्रश्नावली आहे; गुण जितके जास्त, तितकी अडचण मोठी. गोव्यातल्या अभ्यासात 12 ते 19 गुणांचे 377 पुरुष होते. तीन महिन्यांनी गुण 8 च्या खाली आलेले, समुपदेशन मिळालेल्यांत 36 टक्के होते आणि न मिळालेल्यांत 26. आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले 42 टक्के विरुद्ध 18. वर्षानंतरही फरक टिकला: गुण 8 च्या खाली असलेले 54 टक्के विरुद्ध 32. मात्र ज्यांनी पिणं चालूच ठेवलं, त्यांच्या पिण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. ‘थोडी कमी कर’ या आशेनं पाठवणाऱ्या घरच्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि अभ्यास पुरुषांचाच होता, बायकांबद्दल तो काही सांगत नाही.

आता दुसरी बाजू. ऑडिटचे गुण 20 किंवा जास्त, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता. अशा पुरुषांवरही याच पद्धतीचा वेगळा, लहान अभ्यास झाला, आणि तिथं स्पष्ट फायदा दिसला नाही. यात समुपदेशकाचं अपयश शोधू नये. दारूची सवय झालेला मेंदू ती अचानक तुटली की बिथरतो, आणि ते बिथरणं बोलण्यानं शमत नाही. काही तासांतच कापरं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, बडबड, कुठं आहोत याचं भान सुटणं. हे जिवावर बेतू शकतं. ‘चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ असं सांगणाऱ्या नातेवाइकाचं ऐकू नका. डॉक्टर मेंदूला शांत करणारी बेंझोडायझेपिन गटातली औषधं देऊन ती टप्प्याटप्प्यानं कमी करतात, सोबत जीवनसत्त्व बी-1. पूर्वी दारू तोडताना फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तर भरतीच करावं लागतं.

पुढं तलफ कमी करणारी औषधंही मिळतात, नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट. डायसल्फिराम वेगळं: ते घेऊन दारू प्यायली की माणूस जबरदस्त आजारी पडतो. ते त्याच्या संमतीनं, त्याला पूर्ण कल्पना देऊनच चालतं. भाजीत गोळी कालवून चोरून देणं सर्रास चालतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

मग अडचण कुठं? लोक तिथवर पोचतच नाहीत. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळालेला होता. तज्ज्ञ लांब, रांग मोठी, दारावर ‘मानसोपचार’ची पाटी. समुपदेशक जवळ असतो, खोकल्याच्या केसपेपरवरही त्याची गाठ पडते. पण जवळ असण्याचा तोटाही आहे: तो आपल्याच वस्तीतला असला तर बातमी फुटेल, ही भीती. ती खोटी म्हणून उडवून लावू नये. पहिल्याच भेटीत विचारा, नोंद कुठं राहते, कोण वाचतं. त्याच्या कामावर देखरेख कोणाची, हेही विचारा. गोव्यात समुपदेशक ध्वनिमुद्रित भेटी एकत्र ऐकून एकमेकांचं काम तपासत. देखरेख नसेल तर वरचे आकडे तुमच्या केंद्राला लागू होतील असं धरून चालू नका.

निवासी व्यसनमुक्ती केंद्र हा घरी राहून वारंवार घसरणाऱ्यांसाठीचा पर्याय. तिथं डॉक्टर रोज येतो का, हे न बघता पैसे भरू नका. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेला गट; त्याच्या सभा फुकट असतात, कोणत्याही उपचाराच्या जोडीला चालतात.

अवलंबून असलेल्यांच्या बाबतीत दोघांत एकाला निवडण्याची गरजच नसते. डॉक्टरनं दारू तोडली की समुपदेशकाचं खरं काम सुरू होतं, कारण शरीर शांत झालं तरी संध्याकाळ, मित्र आणि पगाराचा दिवस जागच्या जागीच असतात. बहुतेक ठिकाणी नेमकी हीच कडी तुटते: रुग्णालय घरी सोडतं आणि आरोग्य केंद्राला पत्ताही नसतो. म्हणून डिस्चार्ज घेताना कार्डावर आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी लिहून घ्या, आणि समुपदेशकाची पहिली भेट त्याच आठवड्यातली ठरवा.