शेफर्ड्स पाय: ओटीजीत, की वर निखारे ठेवून?

ओटीजी, म्हणजे टेबलावरचा छोटा विजेचा ओव्हन, घ्यावा की घरातल्या बिडाच्या कढईवरच भागवावं, हे मला हल्ली बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक असे, की मुंबईत कुठेतरी शेफर्ड्स पाय खाल्लेला असतो, खाली मटणाचा खिमा, वर लोण्यातला बटाटा, वरून खरपूस, आणि आता जुलैत गावी येऊन बसल्यावर बाहेर धो धो पाऊस सुरू झाला की नेमकं तेच आठवतं. मी दोन्ही प्रकारे करतो, भरपूर केलाय. खिमा कसा परतायचा, बटाट्याला किती शिट्ट्या द्यायच्या हे तुम्हाला येत असणारच, म्हणून त्यात शिरत नाही. लिटर, टायमर, रॉड किती वगैरे खोक्यावर छापलेलंच असतं.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात नीट बसली पाहिजे, नाहीतर सगळी तुलनाच चुकते. या पदार्थात शेवटच्या टप्प्याला शिजवायचं काही शिल्लकच नसतं. तिकडे इंग्लंडात हा मुळात उरलेल्या मटणाचा पदार्थ, रविवारी भाजलेलं मटण उरलं की ते बारीक करून ग्रेव्हीत घालायचं आणि वर बटाटा थापून पुन्हा गरम करायचं (बीफचा असेल तर त्याला कॉटेज पाय म्हणतात, मटणाचा तो शेफर्ड्स). म्हणजे खिमा शिजलेला, बटाटा शिजलेला, राहतं फक्त वरचं तांबूस करणं. हे तांबूस होणं म्हणजे बटाट्याच्या वरच्या थरातलं पाणी उडून तो थर साधारण १४० डिग्रीच्या पुढे जायला हवा, आणि तेही आतला बटाटा कोरडा पडायच्या आत. त्यामुळे प्रश्न ओव्हन चांगला की वाईट असा नाहीये, तुमच्या घरी वरून झणझणीत आच कशाने मिळते हा आहे.

आता ओटीजीचं. त्याचं कौतुक मी अगदी मनापासून करतो. काचेच्या डिशमध्ये थर लावा, काट्याने वर रेघा ओढा, वरच्या खाचेत सरकवा, २०० ते २२० वर ठेवा आणि बाहेर येऊन बसा, वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं. काचेतून बघता येतं, राख नाही, धूर नाही, पावसाशी काही देणंघेणं नाही, आणि तीच डिश तशीच टेबलावर नेता येते, पाहुण्यांसमोर बरी दिसते. शिवाय नानखटाई, केक, शेंगदाणे भाजणं ही कामं आहेतच. माझ्या बहिणीकडे ठाण्याला माझ्यासारखाच ओटीजी आहे, तिच्याकडचा पाय असा एकसारखा तांबूस होतो की मला जरा हेवाच वाटतो.

पण ती ठाण्याला आहे आणि मी मुरुडच्या बाजूला. इथेच सगळं अडतं.

लाईट जाते हे मी कारण म्हणून सांगणार नाही. लाईट गेली तर गेली, कोकणात राहणाऱ्याला त्याची सवय आहे, निसर्ग वादळानंतर २०२० च्या जूनमध्ये तर आठवड्यांच्या आठवडे नव्हती तेव्हा सगळ्यांनी चुली बाहेर काढल्याच की. गेलेली लाईट निदान प्रामाणिक असते, तुम्ही दुसरा काहीतरी विचार करता. मला वैताग येतो तो असलेल्या लाईटीचा. संध्याकाळी सात-साडेसातनंतर आमच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर इनपुटचा आकडा घसरायला लागतो, २१०, २००, आणि शनिवारी, म्हणजे सगळे होमस्टे भरलेले, प्रत्येक खोलीत एसी चालू, तेव्हा तो १८० च्या आसपास रेंगाळतो. बल्ब लागतो, पंखा फिरतो (जरा आळसावून), टीव्ही चालतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही. ओटीजीचाही दिवा छान लाल लागलेला असतो. फक्त रॉड बघा. ठाण्याला तो भगभगीत नारंगी होतो, इथे काळपट लाल, जेमतेम जिवंत.

हिशोब साधा आहे. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलते. २३० वर १५०० वॉट देणारा ओटीजी १८० वर पंधराशेच्या पाऊण हिस्सा देईल असं वाटतं ना, तर नाही, तो ९०० च्या आसपास येतो. म्हणजे ४० टक्के गायब. गरम तो होतो, उशिरा का होईना, पण वरून अंगावर येणारी जी धग लागते ती येत नाही. मग होतं काय, बटाटा भाजत नाही, वाळतो. वर फिकट पिवळी साय धरते, तिला बारीक तडे जातात, तोपर्यंत खालचा खिमा कडेकडेने खदखदायला लागलेला असतो आणि त्याचं लाल तेल काठावरून वर येऊन बटाट्यात मुरतं. तुम्ही अजून दहा मिनिटं म्हणता, मग अजून दहा, थर्मोस्टॅटचा दिवा काही केल्या विझत नाही कारण बिचारा तिथवर पोचलेलाच नसतो. शेवटी पाऊण-एक तासाने थोडा रंग येतो तेव्हा बटाट्याचा सांडगा झालेला असतो. जेवायला बसलेली माणसं तोवर वरण-भाताने पोट भरून मोकळी.

आमची आई एकदा मागे उभी राहून हे बघत होती. म्हणाली, "अरे, या लाईटीवर पापड तरी भाजेल का तुझा? वर निखारे ठेव आणि हो मोकळा."

यावर उपाय नाहीत असं नाही. ओटीजीला वेगळा स्टॅबिलायझर लावता येतो, पण तो दोन केव्हीएच्या पुढचा लागतो, आणि व्होल्टेज चढवायला तो लाईनमधून करंट जास्त ओढतो, आमच्यासारख्या जुन्या घराच्या वायरिंगला ते कितपत झेपेल हे वायरमनला विचारल्याशिवाय करू नये. घरातला पंखे-बल्बवाला इन्व्हर्टर याला चालत नाही, तो विचार सोडूनच द्या. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह घेतला तरी रॉड तो रॉडच, दुखणं तेच. काही लोक दुपारीच करून ठेवतात, सकाळी अकरा-बाराला आमच्याकडेही आकडा चांगला असतो, पण हा पदार्थ पुन्हा गरम करण्यात मजा नाही, वरचा कुरकुरीतपणा जातो आणि मग राहतो नुसता खिमा-बटाटा.

आता दुसरी बाजू, बिडाची कढई आणि वर करवंटीचे निखारे. खाली विस्तव वर विस्तव ही काही नवीन गोष्ट नाही, आमच्या रायगडात सीकेपी घरांतून कोळंबीचं भानोलं (केकसारखा भाजलेला तिखट पदार्थ) असंच व्हायचं, अजून काही घरी होतं. वाडी असलेल्या घरात करवंट्यांना तोटा नसतो, त्या जळतात जोरात, आणि एकदा ज्वाळा बसली की निखारा चांगला कडक पडतो, लाकडापेक्षा बराच जास्त तापतो असा माझा अनुभव. मोजमाप काही नाही माझ्याकडे, पण हात वर धरून कळतं.

करायचं असं. पाच-सहा अर्ध्या करवंट्या मागच्या पडवीत चुलीत किंवा जुन्या घमेल्यात पेटवायच्या. सुरुवातीला काळा धूर येतो, तो जाऊ द्यायचा, ज्वाळा पूर्ण बसून वर पांढरट राख धरली की मगच उचलायच्या, चिमट्याने. तोवर आत गॅसवर कढईत खिमा गरमच ठेवायचा, आणि बटाटाही गरम असतानाच त्यावर थापायचा, कारण इथे खालून तापवायला वेळ द्यायचा नाहीये. कढई पडवीत आणून दोन विटांवर ठेवायची, वर काठाचं लोखंडी झाकण किंवा सरळ जुना खोलगट तवा. बटाटा आणि झाकण यांच्यात दोन बोटं अंतर हवं, कमी असेल तर चिकटतं, जास्त असेल तर रंग येत नाही. आणि एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट, झाकण गच्च बसवायचं नाही, कडेला नारळाचा एखादा जाडसर हीर आडवा घालायचा म्हणजे फट राहते. खिम्याची वाफ तिथून निघून जाते. फट नसेल तर बटाटा भाजायच्या ऐवजी वाफवून निघतो, सगळी मेहनत वाया. मग निखारे झाकणावर, मध्ये कमी आणि कडेने जास्त, कारण मध्ये आपोआपच जास्त तापतं. बारा-पंधरा मिनिटं. मधेच वास बदलतो, लोणी भाजल्याचा वास यायला लागला की झाकण उचलायचं.

वर जो रंग येतो तो ओटीजीसारखा एकसारखा नसतो, हे कबूल. कुठे गडद, एखाद्या ठिकाणी पार काळा ठिपका, कुठे नुसता सोनेरी. काट्याने ओढलेल्या रेघांचे जे उंचवटे असतात ते कडकडीत होतात आणि खाचेत बटाटा मऊ राहतो. मला तेच आवडतं, कुणाला नाही आवडणार, आमच्या वहिनींना तो काळा ठिपका अजिबात चालत नाही, त्या तेवढा काढून बाजूला ठेवतात. मला म्हणतात, "भावोजी, हे तुम्हीच खा." मी खातो.

त्रास आहेतच, लपवण्यासारखं काही नाही. झाकण उचलताना हात हलला तर राख आत, त्यामुळे आधी निखारे काढायचे आणि मग झाकण सरळ वर, तिरकं नाही. करवंट्या पावसाळ्यात ओल्या असतील तर नुसता धूर, मेमध्येच वाळवून माळ्यावर पोत्यात भरून ठेवाव्या लागतात. शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं, लहान मुलं असतील तर जास्तच. आणि हे काम बंद स्वयंपाकघरात अजिबात करू नका, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, धूर दिसला नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. पडवी, अंगण, परसदार, जिथे वारा खेळतो तिथेच. काचेची डिश चुकूनही या प्रकारात वापरायची नाही, ओव्हनला चालणारी काच थेट निखाऱ्यावर किंवा गॅसवर तडकते.

बिडाच्या कढईचं अजून एक. मी खिम्यात टोमॅटोऐवजी दोन-तीन आमसुलं टाकतो, सोबत चमचाभर मालवणी मसाला आणि जराशी मिरीची पूड. आमसूल आंबट, आणि आंबट पदार्थ बिडात फार वेळ राहिला की काळपट पडतो आणि लोखंडाची चव येते. तेवढ्यापुरतं चालतं, पण उरलेलं रात्रभर त्यातच ठेवायचं नाही, जेवण झालं की लगेच स्टीलच्या डब्यात.

बटाट्याबद्दल दोन शब्द, कारण याचा संबंध रंगाशी आहे. आमच्याकडे बटाटा पिकत नाही, घाटावरून नाहीतर त्याच्याही पलीकडून येतो. पावसाळ्यात जो मिळतो तो बऱ्याचदा कोल्ड स्टोरेजचा असतो, थंडीत राहिल्यामुळे त्यातल्या स्टार्चची थोडी साखर झालेली असते, जरा गोडसर लागतो. भाजीला मला तो नको वाटतो, पण इथे उपयोगी पडतो कारण लवकर तांबूस होतो. ओटीजीवाल्यांनी तरी हाच घ्यावा, कमी धगीत तेवढीच मदत. नवा बटाटा, पातळ सालीचा, जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो, चिकट आणि पाणीदार, वरच्या थराला नको. उकडल्यावर सोलून तो पातेल्यात मिनिट-दोन मिनिटं नुसता गॅसवर हलवायचा म्हणजे ओल जाते, मग लोणी, मग गरम दूध. मिक्सर नको, स्टार्च सुटून खळ होते. आणि कोकणातला असूनही सांगतो, दुधाऐवजी नारळाचं दूध घालायचा मोह आवरा, मटणाच्या खिम्यात आधीच चरबी भरपूर असते, फार जड होतं.

खिमा हाताने सुरीने बारीक केलेला मिळाला तर उत्तम, मशीनचाही चालतो. अर्धा किलो खिम्याला पाऊण किलो बटाटा, चार-पाच माणसांना पुरतं.

मग घ्यायचं काय? तुम्ही फ्लॅटमध्ये असाल, अलिबाग किंवा रत्नागिरी शहरात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, तर निखाऱ्याचा प्रश्नच येत नाही, ओटीजी घ्या, तिकडे व्होल्टेजही बहुधा बरं असेल. घरात केक, नानखटाई करणारं कुणी असेल तरी घ्या, एका पायासाठी कुणी ओटीजी घेतच नाही म्हणा. पण वाडी आहे, पडवी आहे, बिडाची कढई आजीच्या वेळची घरात पडून आहे, आणि तुम्हाला हा पदार्थ करायचाय तो पावसातल्या रात्री, आठ माणसं पानावर बसलेली असताना, तर माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलंच असेल. तसं माझं म्हणणंच खरं असा आग्रह नाही, आमच्या गल्लीतल्या दोन घरांत ओटीजी उत्तम चालतो, ट्रान्सफॉर्मर त्यांच्या दाराशी आहे. आम्ही लाईनच्या पार शेवटच्या टोकाला.

त्यामुळे दुकानात जायच्या आधी एक करा. शनिवारी रात्री साडेआठला, शेजारच्या होमस्टेत पाहुणे भरलेले असताना, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर किंवा वायरमनच्या मीटरवर आकडा बघा. दुकानदार दाखवतो तो दुपारी बाराच्या लाईटीवर दाखवतो, त्याचा काही उपयोग नाही. रात्रीचा आकडा २१० च्या वर टिकत असेल तर खुशाल घ्या, २८ लिटरच्या आसपासचा पुरे होतो, चार-पाच माणसांची डिश त्यात आडवी मावते. १८० दिसला तर ते पैसे मटणाला ठेवा.