पाण्यापलीकडचे ग्रीन: थेट फटका की ले-अप?

गोल्फ क्लबच्या स्पर्धेत पंधरा ते वीस हँडिकॅपच्या, म्हणजे फेरीत अपेक्षेपेक्षा साधारण तेवढे फटके जास्त लागणाऱ्या, खेळाडूसमोर एक प्रसंग हमखास येतो. पार-पाचच्या, म्हणजे पाच फटक्यांत संपणे अपेक्षित असलेल्या, होलवर ड्रायव्हरचा लांब पहिला फटका छान बसलेला असतो, ग्रीन (झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) सुमारे २०० यार्डांवर असते आणि त्याच्या अलीकडे पाणी पसरलेले असते. लांब पल्ल्याचा वुड काढून पाण्यावरून थेट ग्रीन गाठायचे, की मध्यम पल्ल्याच्या सात नंबरच्या आयर्नने चेंडू अलीकडे ठेवून, म्हणजे ले-अप करून, तिसऱ्या फटक्याला जवळच्या पल्ल्याचा वेज वापरायचा? चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात असो वा सिडकोच्या खारघर मैदानावर, हा प्रश्न बहुतेक जण स्वभावावर सोडवतात; धाडसी माणूस वुड मागतो, सावध माणूस आयर्न. माझ्या मते हा स्वभावाचा प्रश्न नसून हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब चेंडूपाशी उभे राहण्याआधीच झालेला असला पाहिजे.

हिशेब असा मांडता येतो. थेट फटका साधला तर आपल्यासारख्या खेळाडूचा होल साधारण पाचात संपतो. पाण्यात गेला तर पेनल्टीचा एक फटका धरून सात होतात. ले-अप केल्यास दहा खेपांपैकी तीनदा पाच, सहा वेळा सहा आणि एकदा सात होतील असे धरले, तर सरासरी ५.८ येते. या हिशेबाने थेट फटका दहापैकी सहा वेळा साधला, तरच दोन्ही पर्यायांची बरोबरी होते. चारच वेळा साधत असेल, तर सरासरी ६.२ वर जाते. ‘मला हा फटका मारता येतो’ आणि ‘मी हा फटका दहात सहा वेळा मारतो’ या दोन वाक्यांतले अंतर फार मोठे आहे. मी एका हंगामात स्कोअरकार्डाच्या मागे अशा प्रत्येक प्रयत्नाची खूण करत गेलो, तेव्हा दहापैकी तीन फटके पाणी ओलांडून गेलेले दिसले, आणि त्याआधी मात्र कोणी विचारले असते तर मी मनापासून सात सांगितले असते. आपल्याला उत्तम बसलेला फटका आठवतो, नेहमीचा आठवत नाही.

पाण्याऐवजी पलीकडे आउट ऑफ बाउंड्सची, म्हणजे मैदानाबाहेरची, हद्द असेल, तर धोका आणखी वाढतो, कारण तिथे पेनल्टीबरोबर अंतरही जाते आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा मारावे लागते. उलट धोका केवळ बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचा, असेल, तर मी सहसा थेट जातो.

सावध खेळाच्या बाजूने सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या २००७ च्या मास्टर्स स्पर्धेचे आहे. झॅक जॉन्सनने त्या स्पर्धेत पार-पाचच्या सोळाही वेळा ले-अप केला, त्या होल्सवर तो एकूण ११ अंडर, म्हणजे पारपेक्षा ११ फटके कमी, खेळला आणि टायगर वूड्ससह तिघांना दोन फटक्यांनी मागे टाकून जिंकला. मात्र त्याच्या वेजची अचूकता आपल्याकडे नाही, हे विसरता कामा नये. दुसऱ्या बाजूला २०१० च्या मास्टर्समध्ये फिल मिकेलसनने तेराव्या होलवर दोन झाडांच्या फटीतून सहा नंबरच्या आयर्नने पाणी ओलांडून चेंडू झेंड्याजवळ नेला. या फटक्याची वाहवा होते, पण त्यानंतरचा, होल तिनात संपवून ईगल देणारा ग्रीनवरचा पट (हलका फटका) हुकला आणि होल चारात संपला, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. चार तर उत्तम ले-अपनेही होऊ शकतात. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्कॉटलंडच्या कार्नुस्टीला जाँ व्हॅन डी वेल्डला शेवटच्या होलवर जिंकायला सहा फटके पुरेसे होते. ड्रायव्हर भरकटूनही चेंडू खेळण्याजोग्या जागी होता. खरी चूक त्यानंतर दोन नंबरच्या आयर्नने थेट ग्रीनकडे जाण्यात झाली. त्याचे सात झाले आणि बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला.

सावध फटकाही हिशेबानेच मारावा लागतो. पुष्कळ जण आपल्या ‘आवडत्या’ शंभर यार्डांसाठी चेंडू मुद्दाम मागे ठेवतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या प्रचंड नोंदींवरून दाखवले आहे की एरवी जागा मोकळी असेल, तर ग्रीनच्या जितके जवळ जाल तितके कमी फटके लागतात. म्हणून ले-अप करताना चेंडू पाण्यापासून बिनधोक, पण शक्य तितका पुढे ठेवावा.

आपल्या मुंबईत हे ‘बिनधोक’ अंतर ऋतूप्रमाणे बदलते. एप्रिल-मेच्या कडक जमिनीवर चेंडू पडल्यावरही बराच घरंगळतो, त्यामुळे कमी पल्ल्याचा आठ नंबर हाच खरा ले-अप ठरतो. जुलैच्या ओल्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) तो पडल्या जागी रुततो; त्यामुळे ले-अप अधिक पुढे नेता येतो आणि ओले ग्रीनही चेंडू धरून ठेवते, मात्र पाणी ओलांडायला घरंगळण्याची काहीच मदत मिळत नाही. दुपारनंतर समुद्राकडचा वारा समोरून येत असेल, तर २०० यार्ड हे २०० राहत नाहीत.

स्पर्धेचा प्रकारही पाहावा. एकूण फटके मोजणाऱ्या स्ट्रोक प्लेमध्ये आठ झाले, तर आठही लिहावे लागतात, म्हणून तिथे मी ले-अपकडे झुकतो. प्रत्येक होलला गुण देणाऱ्या स्टेबलफोर्डमध्ये त्या होलवर हँडिकॅपमुळे एक फटक्याची सूट असलेल्याला सहावर २ गुण, पाचावर ३ आणि आठावर शून्य मिळतो. नऊ झाले तरी शून्यच, त्यामुळे नुकसानीला तळ असतो आणि धाडस थोडे परवडते. जोडीच्या सामन्यात साथीदाराचा चेंडू ग्रीनजवळ सुरक्षित असेल, तर थेट जाण्यात काहीच गैर नाही.

एकेक होल जिंकत-हरत जाणाऱ्या मॅच प्लेमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याचा चेंडू कुठे आहे, यावर सारे अवलंबून असते. त्याचा चेंडू पाण्यात गेलेला असताना मी एकदा वुडकडे हात नेला, तेव्हा कॅडीने बॅग माझ्यापासून किंचित वळवली, सात नंबर अर्धा वर काढला आणि म्हणाला, “साहेब, आता त्यालाच घाम फुटू द्या.” मी सात नंबर घेतला, सहा फटक्यांत होल संपवला आणि तो मला मिळाला.