वनस्पतीजन्य फिल्म कोटिंग: गुग्गुळाच्या गोळीवर कसं चालतं?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं आयुर्वेदिक गोळ्यांचं छोटं युनिट आहे, कोटिंग पॅन (गोळ्या फिरवत त्यांच्यावर थर चढवायचं भांडं) माझ्याकडे. त्रिफळा गुग्गुळ ही आमची मुख्य गोळी, आणि हवेतला ओलावा ओढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

यंदा साखरेचं कोटिंग सोडून तयार फिल्म कोटिंगची, म्हणजे गोळीवर पातळ पापुद्रा चढवायची, पावडर घेतली. त्यात हायप्रोमेलोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यातल्या किंवा कापसातल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेलं. शिवाय वनस्पतीचं ग्लिसरीन आणि हळदीचा रंग. टाल्क मात्र खनिजच. शेलॅक, म्हणजे शुद्ध केलेली लाख, नाही. (लाख पळसावर, कुसुमावर मिळते म्हणून लोक तिला झाडाची समजतात. ती किड्याची असते.)

विरघळवायची रीत पाकिटावर धड छापलेली नाही. पाणी गारच घ्या, कारण गरम पाण्यात हे विरघळत नाही. ढवळणीचा भोवरा चालू असताना पावडर भुरभुरत सोडा, पाऊण तास ढवळा, फेस बसू द्या. एकदम ओतली तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या स्प्रे गनच्या तोंडाशी अडकल्या की सकाळ गेलीच समजा.

पॅनवर मात्र काम झकास. साखरेला दिवसच्या दिवस लागायचे, वजनही दीडपट व्हायचं. इथे 3 टक्के वजन वाढलं की झालं, एका पाळीत बॅच उतरते. हाताला काळं लागत नाही, कडू वास दबतो. फक्त मे महिन्यात, पारा 45 च्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी, तेव्हा थेंब गोळीवर पसरायच्या आधीच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. नागपुरात तेही व्हायचंच! आत येणारी हवा थोडी गार केली, गन जवळ आणली, की सुधारतं.

'ओलाव्यापासून संपूर्ण संरक्षण' हा या कोटिंगबद्दलचा दावा मात्र मला मान्य नाही. जे स्वतः पाण्यात विरघळतं ते पाणी किती अडवणार? आषाढात उघड्या बशीत ठेवलेल्या गोळ्या चिकटल्याच. झाकणाखाली सील आणि आत सिलिका जेल असलेल्या डबीतला माल मोकळा राहिला. खरा अटकाव हवा तर पाण्यात न विरघळणारं एथिल सेल्युलोज किंवा झेन हे मक्यातलं प्रथिन बघावं लागेल. पण झेनला अल्कोहोल लागतं, आणि असा थर जाड झाला की गोळी पोटात उशिरा फुटते.

हळदीचा पिवळा उजेडात उडतो. खिडकीजवळच्या नमुन्याची एक बाजू फिकी पडली. पुढची ऑर्डर बिनरंगी देणार.