अर्ध्या पिंपात माती भरावी की पाचोळा? दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात भंगारवाल्याकडून 200 लिटरची तीन निळी पिंपं आणली आणि मधोमध कापून झाडं लावायला गच्चीवर सहा मांडली. झाकणाकडच्या अर्ध्याला बुचाची दोन भोकं आयतीच असतात, बाकीच्यांना ड्रिलने पाडली. घेताना त्यात आधी काय होतं ते विचाराच. एकाचा साबणासारखा वास चार दिवस पाणी भरून ठेवूनही जाईना, शेवटी ते बदलून घेतलं.

खरा प्रश्न भरायचं काय, हा होता. अर्ध्या पिंपात 100 लिटर मावतं. आमच्या 10 लिटरच्या घमेल्यात ओली माती सतरा किलो भरली, म्हणजे एक पिंप 170 किलोच्या घरात. लोकांचा वावर असलेल्या गच्चीचा भार साधारण चौरस मीटरला 150 किलो धरतात आणि पिंपाचं बूड जेमतेम पाव चौरस मीटर. म्हणून ती तुळईवर, भिंतीच्या कडेने ठेवली आणि निव्वळ माती फक्त दोनातच भरली.

त्या दोनांत तळाला, सगळे सांगतात तसे, चार इंच विटांचे तुकडे घातले. ऑगस्टमध्ये एकातली शेवंती पिवळी पडली. उपसून पाहिलं तर विटांच्या वर चार बोटं नुसता चिखल. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. म्हणजे निचरा व्हावा म्हणून घातलेल्या विटांनी चिखलच मुळांच्या जवळ आणून ठेवला. त्यात भर म्हणून अर्धकच्च्या शेणखतातून आलेली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, पांढरी, वाकडी, अंगठ्याएवढी. आता भोकावर फक्त जुनी नायलॉनची जाळी घालते आणि शेणखत काळं, भुसभुशीत, बिनवासाचं असेल तरच घेते.

दोन पिंपांत तळाला बुचं लावलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. वजन कमी होतं, पण रिकामं करताना मुळं आणि बाटल्या असा गुंता होतो की पुन्हा नको.

उरलेल्या दोनांत निम्म्यापर्यंत वाळका पाचोळा, नारळाच्या शेंड्या आणि रसवंतीवरची चिपाडं तुडवून भरली. वर माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजली की सत्तर लिटरच्या आसपास फुगते. पहिलं पाणी ओतून द्या, त्यात क्षार असतात. चिपाडं मात्र ताजी आणू नका. दोन दिवसांत ताडीसारखा वास आणि अख्ख्या बिल्डिंगच्या मुंग्या आमच्याकडे. आठवडाभर उन्हात वाळवली की त्रास नाही.

महिनाभराने या पिंपांतली रोपं फिकी पडली. पाचोळा कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतो. शेंगदाण्याच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी पातळ करून दिलं, तेव्हा कुठे रंग आला. (खालच्या काकूंनी मात्र 'गटार तुंबलंय का गं?' म्हणून विचारलं.)

मग पिंप खचायला लागलं. काठोकाठ भरलेलं दिवाळीपर्यंत वीतभर खाली. झेंडूला त्याचं काहीच वाटलं नाही. जुलैअखेर बी टाकलं होतं, दसऱ्याला तोरणापुरती फुलं घरची झाली. दिवाळीनंतर झाडं उपटली, पुन्हा पाचोळा आणि माती भरली, मोकळे. पण दुसऱ्यात मोगरा होता. तो विहिरीत उतरल्यासारखा खाली खाली गेला, ऊन मिळेना. वरून माती घालावी तर खोड गाडलं जाणार. शेवटी जानेवारीत छाटणीच्या वेळी आम्ही दोघांनी पोत्यात धरून तो गड्ड्यासकट बाहेर काढला आणि खाली माती-गांडूळखत भरून पुन्हा बसवला. माझी कंबर तीन दिवस आखडली होती.

तेव्हा झेंडू, शेवंती, गुलमेंदी असं हंगामी काही लावणार असाल तर बिनधास्त निम्मा पाचोळा भरा. मोगरा, जास्वंद, सोनचाफा यांच्या पिंपात मातीवर काटकसर नको. कोकोपीटने वजन हलकं करता येईल, पाचोळ्याने नाही.

आणि पिंप जिथे कायमचं ठेवायचं, तिथे नेऊनच भरा. आमचं एक 'नंतर सरकवू' म्हणत वाळवणाच्या दोरीखाली भरलं. ते तिथेच आहे, आणि डबलबेडच्या चादरी आता घडी घालून वाळत घालाव्या लागतात.