‘इंजिन नवं बांधलंय’ : एका मॉरिस मायनरच्या व्यवहारात झालेली फसवणूक

जाहिरातीत तीन गोष्टी ठासून लिहिल्या होत्या. इंजिन नवं बांधलंय, खालचा पत्रा बदललाय, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) तयार केलंय. गाडी मॉरिस मायनर 1000, ही जुनी ब्रिटिश गाडी, 1098 सीसीचं इंजिन. रंग आरशासारखा, इंजिनालाही मूळचा हिरवा रंग दिलेला. तिन्ही दावे खोटे निघाले. तिन्ही अशा कामांचे होते की गाडी उघडल्याशिवाय ती दिसत नाहीत, आणि जुन्या गाड्यांत फसवायला हीच जागा सोयीची असते. रंगाबद्दल किंवा क्रोमबद्दल खोटं बोलून फार काळ निभत नाही.

पहिली खूण दारातच मिळाली होती. गाडी दाखवायच्या आधीच इंजिन गरम होतं. थंड इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत बेअरिंगची ठकठक, पिस्टनचा खडखडाट आणि व्हॉल्व्ह गाइडमधून उतरलेल्या तेलाचा निळा धूर उघडा पडतो. गरम इंजिनात यातलं बरंच लपून जातं. म्हणून गेल्या गेल्या बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि रॉकर कव्हरवर (व्हॉल्व्हवरच्या झाकणावर) हात ठेवा. ऊब लागली तर ‘उद्या सकाळी येतो, तोवर सेल्फ मारू नका’ एवढं सांगून परत फिरा. विक्रेता याला कां-कूं करू लागला तर गाडी तिथेच सोडा.

दुसरी खूण डिपस्टिकवर होती. तेल मधासारखं ओघळत होतं. या इंजिनाला 20 डब्ल्यू 50 ग्रेडचं तेल चालतं. त्यात दाट करणारं मिश्रण भरलं की झिजलेल्या बेअरिंगचा आवाज दबतो आणि प्रेशर तात्पुरतं वाढतं. रिंगांच्या फटीही दाट तेलाने थोड्या भरतात, त्यामुळे कॉम्प्रेशनचे आकडेसुद्धा आहेत त्यापेक्षा बरे दिसतात. मायनरमध्ये तेलाच्या प्रेशरचा काटा नसतो, नुसता दिवा असतो, आणि प्रेशर 10 पीएसआयच्याही (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर पडणारे पौंड) खाली गेल्यावरच तो पेटतो. दिवा विझलेला आहे याचा अर्थ इंजिन धडधाकट आहे असा होत नाही. प्रेशर स्विचच्या जागी तात्पुरता मेकॅनिकल गेज लावा, अर्धा तास गाडी चालवा आणि मग बघा. धावताना 60 पीएसआयच्या आसपास आणि आयडलला 15 मिळायला हवं. या गाडीत तेल बदलून योग्य ग्रेडचं भरलं, आणि त्याच दिवशी क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) ठकठक ऐकू आली.

हेड उतरवल्यावर सगळं स्पष्ट झालं. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखाला अडकेल असा कंगोरा होता. पिस्टनची वरची रिंग जिथे पोचत नाही तो वरचा पट्टा झिजत नाही आणि त्याखालचा भाग झिजत जातो, म्हणून हा कंगोरा तयार होतो. बोअर केलेल्या, म्हणजे मशीनवर आतून कापून मोठ्या केलेल्या सिलिंडरमध्ये तो असूच शकत नाही. म्हणजे बोअरिंग झालंच नव्हतं. जुन्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या होत्या. हे काम न करण्यापेक्षाही वाईट. नव्या रिंगची कड चौकोनी असते, ती कंगोऱ्यावर आपटत राहते आणि शेवटी रिंग तुटते किंवा पिस्टनवरची तिची खाच फुटते. इथे दोन रिंगा तुटलेल्याच निघाल्या. क्रँकच्या बेअरिंगच्या शेलच्या (अर्धगोल पत्र्याच्या) पाठीवर मूळ मापाचा शिक्का होता, म्हणजे क्रँक ग्राइंड केल्याची गोष्टही थापच होती.

सिलिंडरची ही अवस्था हेड न उतरवता, व्यवहाराआधी कळू शकते. स्पार्क प्लगच्या भोकातून आत जाणारा बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) आता सहज मिळतो. पिस्टन खाली आणा आणि सिलिंडरची भिंत बघा. इंजिन नुकतंच बांधलेलं असेल तर भिंतीवर होनिंगच्या (दगडाने घासण्याच्या) एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा दिसतात. कंगोरा असेल तर वरच्या कडेला पायरीसारखी सावली दिसते. मग पिस्टन वर आणून त्याचा माथा बघा. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 64.58 मिलिमीटर असतो. तो 20 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवला की साधारण 65.09 होतो, आणि मोठ्या पिस्टनच्या माथ्यावर सहसा 020 किंवा 040 असा आकडा असतो. ‘बांधून दोन हजार किलोमीटर झालेत’ असं सांगितलेल्या इंजिनात माथ्यावर काजळीचा जाड, कडक थर असेल तर पुढे बोलायचं कारण उरत नाही.

तोंडी ‘ओव्हरहॉल’ या शब्दाला काही किंमत नाही. क्रँक कोणत्या मापाला ग्राइंड केला, बोअर किती वाढवला, ते काम कोणत्या मशीन शॉपमध्ये झालं, हे विचारा. खरं काम करून घेतलेला माणूस हे आकडे न अडखळता सांगतो. त्याच्याकडे इंजिन उघडं असतानाचे फोटो असतात, आणि बरेचदा जुने शेलही डब्यात जपून ठेवलेले असतात.

हेडबद्दलचा दावा पकडायला सर्वांत अवघड. शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) हळूहळू खचतात, म्हणून कडक धातूच्या सीट बसवतात. हेड जागेवर असताना त्या दिसत नाहीत. मात्र सीट खचली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यामधली) फट कमी होते. या इंजिनात फट 0.30 मिलिमीटर ठेवतात. ती सेट करून वहीत लिहून ठेवा आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. एक्झॉस्टच्याच फटी पुन्हा पुन्हा कमी होत असतील तर कडक सीट बसवलेल्या नाहीत असं समजा. घेण्याआधी मात्र हेड बाहेर असतानाचा, सीटभोवती वेगळं कडं दिसणारा फोटो मागणं एवढंच हातात असतं.

आता पत्रा. पुट्टी ओळखायला मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, हा सल्ला सगळे देतात. दारं आणि मडगार्डसाठी तो बरोबरही आहे. पण या गाडीच्या सिलवर (दाराखालच्या लांब पेटीवर) चुंबक घट्ट चिकटलं, कारण तिथे पत्राच होता. सडलेल्या सिलवर नव्या पत्र्याचं झाकण वेल्ड केलं होतं. मायनरला वेगळी चासी नाही. सिल आणि खालची आडवी बीमच गाडीचं वजन पेलतात, आणि पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारची (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांची) मागची टोकं याच बीमला अडकवलेली असतात. म्हणून कार्पेट उचलून सिलची आतली बाजू बघा. खालच्या जोडावर पत्र्याचे थर मोजा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, सडलेला पत्रा बद्द वाजतो. मग जॅकच्या ठरलेल्या जागी गाडी उचला आणि पुढचं दार उघडून लावा. दार घासलं किंवा मागच्या कडेची फट बदलली तर गाडी मधून वाकते आहे. खालून ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर तो भाग खरवडू द्या म्हणावं. नकार मिळाला तर त्याखाली काय आहे हे कळलंच.

टायरला एक मिनिट पुरतं. 2000 पासूनच्या टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1209 म्हणजे 2009 चा बारावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी असा टायर बदलायचाच. चासी नंबराच्या पाटीचे रिव्हेट नवे दिसले तर थांबा, पाटी दुसऱ्या गाडीची असू शकते. ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून मॉरिसचं हेरिटेज प्रमाणपत्र देतं. मूळ इंजिन नंबर आणि रंग त्यावरून पडताळता येतात.

गाडी ताब्यात घेण्याआधी पुढच्या चाकांचे खालचे ट्रनियन (चाक सस्पेन्शनला जोडणारे सांधे) तपासा. आट्यांवर फिरणारा हा भाग ग्रीसविना झिजला की आटे सुटतात आणि चाक मडगार्डखाली आडवं पडतं. या गाडीत ग्रीस बाहेरून फासलेलं होतं, आतले आटे कोरडे होते. चाक उचला, टायरखाली पहार घालून वर रेटा, आणि दुसऱ्या माणसाला जोडाकडे बघत बसवा. वर-खाली खेळ दिसला तर गाडी चालवत आणू नका, ट्रकवर चढवून आणा.